मुदत संपलेली नोंदणी आणि आधीच होऊन गेलेल्या सह्या

पत्र

सर, नमस्कार. मी पशुवैद्यक. परळच्या महाविद्यालयातून पदवी घेतली आणि २०१९मध्ये राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी केली. पुढे लग्न होऊन नाशिकरोडला आले. बाळंतपण, मग मुलीचं आजारपण, यात प्रॅक्टिस जवळजवळ बंदच होती. अलीकडे घरच्या घरी कुत्री-मांजरं तपासते, सिन्नर तालुक्यातल्या काही गोठ्यांवरही जाते. आता जेलरोडला गाळा घेऊन दवाखाना टाकायचं ठरवलं, म्हणून कागद काढले, तर नोंदणीची पाच वर्षांची मुदत कधीच संपून गेलेली! मधल्या काळात मी लसीकरणाची कार्डं भरली, दोन कुत्र्यांना रेल्वे प्रवासासाठी दाखले दिले आणि एका शेतकऱ्याच्या विम्याच्या गाईचं शवविच्छेदन करून दाखल्यावर सही केली. तो दावा अजून मंजूर व्हायचा आहे. इथले एक सीनियर म्हणतात, "पदवी थोडीच संपते? सही करत राहा, अर्ज मागाहून भर." दुसरीकडे, गावात उपचार करत फिरणारा एक जण म्हणतो, "मॅडम, पाटी तुमची, काम माझं, महिन्याला ठरलेली रक्कम." त्यात पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. रात्री झोप लागत नाही. काय करू?
– एक पशुवैद्यक, नाशिकरोड

उत्तर

प्रिय डॉक्टर,

आधी सरळ उत्तर देतो. तुमचं नाव राज्याच्या नोंदवहीत परत येईपर्यंत एकही केस घेऊ नका आणि एकाही कागदावर सही करू नका. ओळखीच्यांच्या कुत्र्याचं लसीकरण कार्डसुद्धा नाही. नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात करा. आणि सिन्नरच्या त्या शेतकऱ्याला आजच फोन करा. या तीन गोष्टींत सर्वांत अवघड तिसरी आहे, म्हणून तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

तुमच्या सीनियरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पदवी संपत नाही. ती विद्यापीठाने दिली, ती जन्मभर तुमची. पण जनावरावर उपचार करायचा हक्क पदवीतून येत नाही, नोंदणीतून येतो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ याचं कलम ३० एकदा शांतपणे वाचा, पान-अर्ध्या पानाचं आहे. शासनाच्या सेवेत पशुवैद्यक म्हणून पद धरणं, कोणत्याही राज्यात व्यवसाय करणं, कायद्याने लागणाऱ्या आरोग्य दाखल्यावर सही करणं आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देणं, या चारही गोष्टी त्या कलमाने फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकासाठी राखून ठेवल्या आहेत. 'सही करत राहा' असा सल्ला देणाऱ्याने तुमच्यावर माया म्हणूनच तो दिला असेल, पण उद्या एखाद्या दाखल्यावरून वाद झाला तर कठड्यात तुम्हाला उभं राहायचं आहे, त्यांना नाही. तिथे वकिलाचा पहिलाच प्रश्न असेल, "त्या तारखेला तुमचं नाव नोंदवहीत होतं का?"

आता धीराचं बोलू. मुदत चुकली म्हणजे तुमचं करिअर बुडालं, असं अजिबात नाही. नूतनीकरणाचं शुल्क वेळेत भरलं नाही तर नाव कमी होतं, आणि ठरलेलं शुल्क भरून रीतसर अर्ज केला की ते परत घेता येतं, अशी सोय कायद्यानेच ठेवली आहे. गैरवर्तनावरून नाव काढणं ही वेगळी गोष्ट. तिथे चौकशी होते, तुमची बाजू ऐकून घ्यावी लागते. तुमची बाब पहिल्या प्रकारची आहे. ती दुसऱ्या प्रकारात जाऊ द्यायची की नाही, हे मात्र यापुढे तुम्ही काय करता त्यावर ठरेल. पाळणा हलवताना एक तारीख निसटली हे कोणालाही समजतं. तारीख गेल्याचं कळल्यावरही शिक्का उठत राहिला, हे कोणाला समजावून सांगता येणार नाही.

अर्ज महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे, नागपूरला. शुल्क, विलंब शुल्क आणि जोडायच्या कागदांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावरून त्याच दिवशी पाहून घ्या. मित्राने दोन वर्षांपूर्वी काय भरलं होतं त्यावर विसंबू नका. पदवी प्रमाणपत्र, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो हे तर लागणारच, त्यांच्या स्वच्छ स्कॅन प्रती आधीच तयार ठेवा. मधे एजंट घालू नका. पैसे भरल्याची पावती आणि अर्जाचा क्रमांक हाती आल्याशिवाय 'अर्ज केला' असं स्वतःलाही म्हणू नका.

अर्जासोबत रजिस्ट्रारांना एक वेगळं पत्र द्या. पानभर पुरे. मुदत कधी संपली, तुमच्या लक्षात कधी आलं, त्यानंतर काम थांबवलं, आणि मधल्या काळात कोणकोणते दाखले दिले त्यांची तारखेवार यादी. काही जण म्हणतील, कशाला आ बैल मुझे मार? मला तसं वाटत नाही. यादी तुम्ही स्वतःहून दिलीत तर तो तुमचा प्रामाणिकपणा ठरतो. तीच यादी उद्या विमा कंपनीने किंवा एखाद्या चिडलेल्या पक्षकाराने पाठवली तर तो तुमच्यावरचा आरोप ठरतो. पत्रात एक प्रश्नही स्पष्ट विचारा: नाव परत घेताना मधला काळ कसा धरला जाईल? उत्तर लेखी मागा. विम्याच्या प्रकरणात ते कामी येईल.

यादीतले कागद सारखे नाहीत, प्रत्येकाचं वजन वेगळं.

लसीकरणाच्या कार्डांचं दुखणं सर्वांत हलकं. लस कुत्र्याच्या अंगात गेली आहे, ती काही परत येत नाही. बाटलीवरचं बॅच नंबरचं लेबल कार्डावर चिकटवलं असेल तर उत्तमच. मालकांना कळवा की पुढचा डोस दुसऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांकडे घ्या आणि कार्ड त्यांना दाखवा. त्यांच्यापैकी कोणी कुत्रा परदेशी नेणार असेल तर मात्र आजच सांगा, कारण तिथे मायक्रोचिप आधी की रेबीजची लस आधी इथपासून कागद तपासला जातो, आणि संशयास्पद सहीमुळे सगळा क्रम नव्याने करायची वेळ येऊ शकते.

रेल्वेच्या दोन दाखल्यांचा प्रवास होऊन गेला. त्यात आता दुरुस्त करण्यासारखं काही नाही, यादीत लिहा आणि पुढे चला. पण तो कागद काय असतो हे लक्षात असू द्या. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८च्या नियमांप्रमाणे कुत्रा किंवा मांजर प्रवासाला योग्य आहे आणि रेबीजसह कोणत्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणं दाखवत नाही, असं त्यात पशुवैद्यक लिहून देतो. दाखला नसेल तर नेणाऱ्याने जनावर नाकारावं, असंही त्याच नियमांत आहे. म्हणजे डब्यातल्या इतर माणसांची सुरक्षितता त्या सहीवर टाकलेली असते. म्हणून फोनवर 'सर्दी-खोकला काही नाही मॅडम' ऐकून हा दाखला कधीच द्यायचा नसतो, नोंदणी चालू असतानाही नाही.

आता ती गाय.

विम्याच्या जनावराचा दावा कशावर उभा राहतो ते तुम्हाला माहीत आहे: कानातला बिल्ला, फोटो, उपचाराचे कागद, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा दाखला. यातला शेवटचा कागद तुमचा, आणि तोच आता कच्चा आहे. गाय पुरली गेली, दुसरा डॉक्टर येऊन पुन्हा तपासेल ही वाटच बंद. अशा वेळी तीन मोह होतात. एक, नूतनीकरण होऊन आलं की त्याच मजकुराचा नवा दाखला जुन्या तारखेने द्यावा. दोन, एखाद्या मित्र डॉक्टरकडून, ज्याने गाय पाहिलीच नाही, सही घ्यावी. तीन, काहीच बोलू नये, दावा पास झाला तर झाला. पहिले दोन सरळ खोटे दस्तऐवज आहेत. तिथे मुदतीचा प्रश्न संपून चारित्र्याचा सुरू होतो, आणि परिषद तिथे माफ करत नाही, करूही नये. तिसरा वरवर निरुपद्रवी दिसतो, पण त्याचा भार शेतकऱ्यावर पडतो. दावा नाकारला गेला तर त्याला कारण कळणार नाही, तो महिनोन्‌महिने हेलपाटे मारेल.

म्हणून त्याला आधी सांगा, कंपनीकडून कळण्याआधी. जमलं तर सिन्नरला समक्ष जा. 'माझ्या नोंदणीची मुदत संपली होती, मला तेव्हा माहीत नव्हतं, मी दुरुस्त करते आहे, तुमच्या दाव्यासाठी जे लागेल ते मी करणार' इतकं साधं बोला. तो चिडेल. चिडू द्या. दुभती गाय गेली आहे, त्याच्या घरचा आठवड्याचा बाजार त्या दुधावर चालत होता. मग त्याच्यासोबत बसून कागद गोळा करा. बिल्ल्याचा क्रमांक, मेलेल्या गाईचे बिल्ल्यासकट फोटो, मेडिकलची बिलं, तुमचा केसपेपर आणि शवविच्छेदनाच्या वेळी केलेल्या नोंदी. आधी कोणी सरकारी डॉक्टर, पशुधन विकास अधिकारी किंवा १९६२ या फोन क्रमांकावर बोलावलं जाणारं फिरतं पथक येऊन गेलं होतं का, हे खोदून विचारा. भारत पशुधन या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतल्या नोंदीत त्या बिल्ल्यावर आधीचा उपचार किंवा लस चढलेली असेल तर तीही काढा. त्यानंतर विमा कंपनीला लेखी कळवा: दाखल्यातली निरीक्षणं खरी आहेत, सहीच्या तारखेला नोंदणीची मुदत संपली होती, परिषदेकडे अर्ज क्रमांक अमुक, सोबत पूरक पुरावे. दावा कदाचित अडेल, कदाचित निघेल. निर्णय कंपनीचा. पण शेतकऱ्याच्या हातात तेव्हा लपवाछपवीचा कागद नसेल, भांडायला पुरेसा पुरावा असेल. आणि दावा तुमच्या सहीमुळेच बुडाला, तर त्याच्या नुकसानीतला वाटा उचलायची तयारी ठेवा, असं मी स्पष्टच सांगेन. कायद्याने बांधलं नसलं तरी.

पाटी भाड्याने देण्याच्या प्रस्तावाला आजच नाही म्हणा, आणि असं म्हणा की तो पुन्हा विचारणार नाही. खेड्यापाड्यात डॉक्टर पोचत नाहीत आणि पशुपालकाला रात्री दोन वाजता कोणीतरी हवं असतं, ही अडचण खरी आहे. कायद्यानेही ती ओळखली आहे. पदविका किंवा प्रमाणपत्रधारक पशुधन पर्यवेक्षकासारख्या माणसाला, राज्य शासनाच्या आदेशाने, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि सूचनेनुसार किरकोळ सेवा देता येतात: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्रथमोपचार. देखरेख म्हणजे प्रत्यक्ष देखरेख. महिन्याच्या पाकिटाला देखरेख म्हणत नाहीत. तुमच्या नावाआड तो गाभण गाईला वाटेल ते इंजेक्शन देणार, शिरेतून कॅल्शियम घाईघाईने सोडणार, गाय जागेवर कोसळणार आणि गोठ्याच्या भिंतीवर मोबाईल नंबर मात्र तुमचा लिहिलेला असणार. नोंदणी नसलेल्याला आपल्या नावाचं छत्र देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. नाव कायमचं जाण्याची वाट तिथून जाते, चुकलेल्या तारखेतून नाही.

नावाच्या घोळाचं उत्तर सोपं आहे, फक्त क्रम पाळा. नोंदवहीत जे नाव आहे तेच सहीत आणि शिक्क्यात. सासरचं नाव लावायचं असेल तर विवाह नोंदणी दाखला आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची जाहिरात घेऊन आधी परिषदेकडे बदल नोंदवा, मग शिक्का करा. नाही लावायचं तर तेही चालतं, कित्येक डॉक्टर माहेरच्या नावानेच प्रॅक्टिस करतात. चालत नाही ते एवढंच की लेटरहेडवर एक नाव, प्रमाणपत्रावर दुसरं. माझा सल्ला विचाराल तर आत्ता नूतनीकरण जुन्या नावानेच उरका आणि नावबदल सावकाश करा. दोन्ही एकत्र केलं की एका त्रुटीपायी दोन्ही अडतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी हे लिहितो, कारण नोंदणी जिवंत ठेवणं म्हणजे पाच वर्षांतून एकदा शुल्क भरणं, असा समज आपल्यात फार आहे. खरं काम रोजचं आहे, आणि ते दाखला लिहितानाच्या सवयींत आहे. घोटीच्या बाजारासाठी डांगी बैल न्यायचाय, मालेगावला जनावरं चाललीत, दाखला द्या, असं लोक रस्त्यात गाडी थांबवून म्हणतात. तुम्ही जनावरापाशी जा. थर्मामीटर लावा. तोंड उघडून हिरड्या आणि जीभ बघा, खुरांच्या बेचक्यात बघा, अंगावरून हात फिरवून लम्पीच्या गाठी आहेत का चाचपा. मग बिल्ल्यावरचे बारा आकडे मोठ्याने वाचा, मालकाला परत म्हणायला लावा आणि तेव्हाच लिहा. १ जून २०२४पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे, त्यामुळे एक आकडा चुकला तर तुमचा दाखला दुसऱ्याच जनावराचा होतो. तपासणीची वेळ आणि जागा लिहा. कार्बन प्रत किंवा फोटो ठेवल्याशिवाय मूळ प्रत हातातून सोडू नका. लस न टोचता लसीकरणाचा दाखला देणं हा प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या २००९च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा 'या लॉटमधल्या सगळ्यांना लिहून टाका' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

औषधांचंही तसंच. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक २००६पासून बंद आहे. तरी माणसांच्या वापराची इंजेक्शनं गोठ्यात शिरत राहिली, म्हणून २०१५मध्ये तीही ३ मिलीच्या एका डोसपुरती मर्यादित करावी लागली. त्याच जातीच्या केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २०२३मध्ये बंदी आली. आपल्याकडे अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत. ताप उतरवायला टोचलेलं एक इंजेक्शन आणि उघड्यावर टाकलेलं मढं, ते खाल्लं एवढ्यावर ती मरतात. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम हाताशी असताना दुसरं काही लिहायचं कारणच नाही. कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत २०१९पासून बंद आहे. प्रतिजैविक दिलंत तर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही हे केसपेपरवर लिहा आणि गोठ्यातल्या बाईला तोंडीही सांगा, कारण धार बहुधा तीच काढते.

दवाखाना उघडताना दुकान आस्थापना कायद्याखालची नोंदणी किंवा सूचना, व्यवसाय कर, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा उचलणाऱ्या अधिकृत केंद्राशी करार हे लागेल. २०१६चे कचऱ्याचे नियम पशुवैद्यकीय दवाखान्यांनाही लागू आहेत, हे बऱ्याच जणांना तपासणी झाल्यावरच कळतं. एक्स-रे मशीन ठेवणार असाल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी वेगळी. हे कागद एका दिवसात होणारे नाहीत, म्हणून नूतनीकरणाची वाट पाहताना त्यांची तयारी करा. रिकामा वेळ सत्कारणी लागेल आणि मन थाऱ्यावर राहील.

त्या काळात कोणी जनावर घेऊन आलंच तर मोठ्या जनावरासाठी १९६२ किंवा तालुक्याचा सरकारी दवाखाना, कुत्र्या-मांजरांसाठी तुमच्या विश्वासातला नोंदणीकृत सहकारी, असे नंबर लिहून दाराशी लावून ठेवा. 'मी सध्या केस घेत नाही' एवढं सांगणं पुरेसं आहे, कारणमीमांसा प्रत्येकाला देत बसू नका. रक्त वाहत असेल तर दाबून धरायला नोंदणी लागत नाही, तेवढं नक्की करा आणि पुढे पाठवा.

शेवटचं काम नूतनीकरण झाल्या दिवशीचं. परिषदेकडे तुमचा पत्ता बहुधा मुंबईचा किंवा माहेरचा असेल आणि मोबाईल नंबरही जुनाच. सूचना तिकडेच गेल्या असणार. दोन्ही बदलून घ्या. नव्या प्रमाणपत्रावरची मुदतीची तारीख फोनमध्ये टाका, आणि तिच्या सहा महिने आधीची आणखी एक आठवण नवऱ्याच्या फोनमध्येही. जेलरोडच्या गाळ्याची पाटी रंगवायला टाकली असेल तर पेंटरला थांबायला सांगा. नावाखाली नोंदणी क्रमांक घालायचा आहे, आणि तो नूतनीकरणाचा कागद हातात घेऊन, अंक अंक ताडून द्यायचा आहे.